पूर्ण बाह्या घातल्या तरी डास चावतो, असं का? कपडे आणि डास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. कापड हातात आलं की आधी उजेडाला धरून बघायचं, ही सवय तिथलीच. पुढे पुण्यात आले आणि दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या डेंगीच्या पाहणीला हातभार लावू लागले. कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत घरोघरी फिरताना लोक पाण्यापेक्षा कपड्यांबद्दलच जास्त विचारत. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कपड्यातून डास चावू शकतो का?

हो, अगदी सहज. डासाची सोंड वरून एक सुई दिसते, पण ते नुसतं म्यान असतं. त्याच्या आत सहा बारीक सुया असतात. चावताना म्यान वाकून बाहेरच राहतं आणि सुयांचा जुडगा तेवढा कातडीत उतरतो. त्याची लांबी साधारण दोन मिलिमीटर. धागा भोसकायची डासाला गरजच पडत नाही. दोन धाग्यांमधली फट त्याला उघड्या दरवाजासारखी असते.

त्यामुळे कापडाला दोनपैकी एक काम जमलं पाहिजे. एक तर फटी इतक्या बारीक हव्यात की सुया शिरणार नाहीत, नाहीतर कापड कातडीपासून इतकं दूर हवं की सुया शिरल्या तरी पोचणार नाहीत. खालच्या बहुतेक उत्तरांत फिरून फिरून हेच दोन मुद्दे येतील.

(रक्त पिते ती फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. पण 'डासीण चावली' असं कोणी म्हणत नाही, म्हणून मीही डासच म्हणते.)

लेगिंग घातली तर पाय पूर्ण झाकलेलेच असतात ना?

झाकलेले असतात, वाचलेले नसतात. गेल्या पावसाळ्यात बाल्कनीत मांडी घालून मेथी निवडत बसले होते. गुडघ्यावर, राखाडी लेगिंगवर, एक डास येऊन टेकला. पायांवर पांढरे पट्टे, म्हणजे एडिस, डेंगीवाला. मी मुद्दामच हलले नाही (हा शहाणपणा तुम्ही करू नका). त्याने सोंड दोन-तीनदा इकडेतिकडे टेकवली, हवी ती जागा सापडली आणि बघता बघता त्याचं पोट लालबुंद फुगलं. जड होऊन उडाला तेव्हा लेगिंगवर साधा डागही नव्हता. खाली मात्र गांध उठली, ती रात्रीपर्यंत खाजत होती.

लेगिंग, टी-शर्ट, बनियन, ट्रॅक पँट हे सगळं होजिअरीचं कापड. शर्टाचं कापड मागावर विणतात, त्यात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांवर दाबून बसलेले असतात. होजिअरीचं कापड फासा फाशात अडकवत जातं, स्वेटरसारखं, फक्त फार बारीक. म्हणूनच ते ताणतं, आणि ताणलं की प्रत्येक फासा उघडतो. मांडी घातल्यावर गुडघा, वाकल्यावर पाठ, खुर्चीत बसल्यावर मांडी, नेमक्या त्याच जागी कापड कातडीला चिकटतं आणि फटीही तिथेच रुंदावतात. वरच्या दोन अटींपैकी एकही पुरी होत नाही.

दुचाकीवर उन्हासाठी चढवतात त्या हातमोज्यांची, म्हणजे कोपरापर्यंतच्या ताणणाऱ्या बाह्यांचीही तीच गत. ऊन अडतं, सिग्नलला उभं असताना बसलेला डास अडत नाही.

जीन्समधून चावत नाही ना?

जाड, मूळच्या सुती डेनिममधून सहसा नाही. ती तिरकी वीण चांगली गच्च असते. पण हल्ली जीन्सच्या नावाखाली ताणणारं पातळ कापड विकतात, ते लेगिंगच्या जवळचं. शिवाय दमट हवेत जाड जीन्स घालून कोण बसतं? तासाभरात माणूस ती बदलून बर्म्युडा चढवतो, आणि मग पोटऱ्या उघड्याच.

दुकानात कापड हातात घेतल्यावर काय बघायचं?

उजेडाला धरा. मोबाइलचा टॉर्च मागून लावलात तरी चालेल. ठिपक्याठिपक्यांनी उजेड आरपार आला तर वीण सैल आहे. मग दोन्ही हातांनी हलकंच ताणा आणि पुन्हा बघा. शिवलेला कपडा असेल तर गुडघा आणि कोपर येतील तिथे ताणून बघा.

जाडी आणि घट्टपणा एकच नव्हे, इथे बहुतेकांची गफलत होते. जाड सुताचं, सैल विणीचं हातमागाचं कापड हाताला भरदार लागतं, पण त्याच्या फटी पॉपलिनपेक्षा मोठ्या असू शकतात. पॉपलिन वजनाला हलकं आणि तरीही गच्च. एका इंचात किती ताणे आणि किती बाणे याला आमच्याकडे रीड-पीक म्हणत. तो आकडा जितका मोठा तितकी वीण दाट. शर्टाचं चांगलं पॉपलिन, केंब्रिक, गच्च विणीचा मांजरपाट ही माझी निवड. मलमल आणि जॉर्जेट दिसायला छान, पण डासापुढे त्यांचा उपयोग फक्त सैल असले तर, तोही बेताचाच.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं तेव्हा धागे आणखी जवळ येतात, हे आपल्या फायद्याचं. वर्षानुवर्षं धुऊन विरलेला मऊ कुर्ता मात्र डासांसाठी कुर्ता राहत नाही. घरात घालायला आपण नेमका तोच काढतो.

मग सैल कपडे की घट्ट विणीचे?

दोन्ही. एकच निवडायची वेळ आली तर मी सैल निवडेन. पॉपलिनचा सैल पायजमा आणि ढगळ पूर्ण बाह्यांचा शर्ट यांपेक्षा महागडं काही लागत नाही. पावसात भिजलेला किंवा घामाने अंगाला चिकटलेला शर्ट सैल असून घट्टच झालेला असतो, हे लक्षात ठेवा. पाठीवर शर्ट चिकटतो तिथे डास बरोबर टेकतो. बदला.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी कापडाची जाडी आणि छिद्रांचा आकार यांचं गणित मांडून, कीटकनाशकाचा एक थेंबही न वापरता डास अडवणारे कपडे तयार केले आणि जिवंत एडिस डासांनी भरलेल्या खोलीत माणसाच्या अंगावर घालून तपासले. आमच्या कारखान्यातला जुना मिस्त्री हे वाचून म्हणाला असता, 'अहो, वीण आवळा म्हणजे झालं!' इतकं सोपं ते नाही, कारण वीण फार आवळली की कपड्यात वारा शिरत नाही आणि मग तो कोणी घालत नाही.

काळे कपडे घातले की जास्त डास येतात, हे खरं का?

बरंचसं खरं. डास आधी वासावर येतो. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला काही मीटरांवरून कळतो, आणि तो कळला की मग त्याचे डोळे कामाला लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एडिस डासांवर केलेल्या प्रयोगांत हा क्रम स्पष्ट दिसला. कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यानंतर डास लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी-हिरवट रंगांकडे झेपावत. हिरवा, जांभळा, निळा आणि पांढरा यांच्याकडे फारसे वळत नसत. वास नसेल तर कुठल्याच रंगाची त्यांना पर्वा नव्हती.

आता गंमत अशी की माणसाची कातडी, गोरी असो की काळी, डासाच्या डोळ्यांना लाल-नारिंगी छटेचीच दिसते. त्यामुळे रंगात सुटका शोधायची तर पहिला उपाय कातडी झाकणे हाच. फिकट पायजमा घालून उघड्या पोटऱ्यांनी बसलात तर फिक्या रंगाचा उपयोग शून्य. फिक्या कपड्यांचा दुसरा फायदा साधा आहे: डास बसलेला दिसतो, आणि मारता येतो.

संध्याकाळी खिडक्या लावून घेतो. मग कपड्यांची काळजी रात्रीचीच ना?

इथेच शहरातली माणसं फसतात. मलेरियाचा अ‍ॅनाफिलिस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स हे संध्याकाळनंतरचे. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास हा त्याचा जोर. म्हणजे कधी? सकाळी दूध आणायला चप्पल घालून खाली जाता तेव्हा. मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात तेव्हा. बागेत योगासनांना अंगाबरोबर बसणारे कपडे घालून बसता तेव्हा. रात्रीसाठी मच्छरदाणी आणि कॉइल, आणि सकाळच्या पहिल्या चहाला हाफ पँट, असं आपलं चालतं.

एडिस जमिनीलगत उडतो आणि घोटे, पावलं, पोटऱ्या यांवर त्याचा डोळा. टेबलाखाली, डायनिंगच्या खुर्चीखाली, ऑफिसातल्या डेस्कखाली अंधार आणि गारवा असतो. तो तिथे निवांत बसलेला असतो. म्हणून मला एकच कपडा सुचवायला सांगितला तर मी शर्ट सुचवणार नाही. मोजे सुचवीन. घोट्याच्या वर येणारे, बुटात लपणारे आखूड नव्हेत. मोजा पातळ असेल तर पायजम्याचा काठ त्यात खोवा, म्हणजे घोट्याशी दोन थर होतात. दिसायला बावळट दिसतं, मान्य.

आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची असेल तर खाली चादरीची घडी टाका. खालून, फटीतून मांडीला चावतात आणि आपण वरच टाळ्या वाजवत बसतो.

साडी नेसणाऱ्यांचं काय?

गोल साडी, आत परकर, पुढे निऱ्या: पायांभोवती इतके थर आणि इतकी मोकळी हवा दुसऱ्या कुठल्या पोशाखात नाही. उघडी राहते ती पाठ, कंबर, दंड आणि पावलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की पाठ-दंडाचा प्रश्न बराच सुटतो. आमची आजी तिन्हीसांजेला तसाच घेऊन तुळशीपाशी बसायची, कारण काही का असेना. नऊवारीचा कासोटा घातला की पोटऱ्या मागून उघड्या पडतात, आणि लुंगी अर्धी दुमडून बांधणाऱ्या पुरुषांचंही तेच.

पंजाबी ड्रेसमध्ये सलवार किंवा पटियाला उत्तम, चुडीदार वाईट. गाऊनला खालून मोकळीक, तिथूनच डास आत शिरतो.

शाळेचा गणवेश हाफ पँट आणि स्कर्ट. काय करता येईल?

शाळेशी बोला, एकट्याने नाही, पाच-सहा पालकांनी मिळून. डेंगीचा डास शाळेच्याच वेळेत चावतो. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा, हे आरोग्य विभागाच्या सूचनांमध्ये नेहमी असतं. जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फुल पँट किंवा सलवार चालेल असा ठराव पालक-शिक्षक संघात मांडता येतो. आमच्या इथल्या एका शाळेने आधी शिस्तीचं कारण देऊन नाही म्हटलं, मग एका वर्गातली चार मुलं एकाच आठवड्यात तापाने आडवी झाल्यावर हो म्हटलं. तोवर गुडघ्यापर्यंतचे मोजे, आणि उघड्या जागी डास पळवणारं मलम.

तान्ह्या बाळाला काय घालावं?

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंही डासरोधक मलम लावायचं नाही. कपडे आणि मच्छरदाणी, एवढंच. लांब बाह्यांचं सैल सुती झबलं, लंगोटावर सैल पायजमी, पातळ टोपडं. गुंडाळायला मऊ सुती दुपटं चालेल, पण डासांच्या भीतीने थरावर थर चढवू नका. बाळाला उकडलं तर सांगता येत नाही. मानेमागे हात लावून घाम आहे का बघा. दिवसाच्या झोपेलाही मच्छरदाणी हवीच. पाळण्याची जाळी बाळाच्या गालाला टेकत नाही ना, हे पहा. टेकली तर डास जाळीतूनच काम उरकतो.

मी गरोदर आहे. मलाच जास्त डास चावतात असं वाटतं.

भास नसावा. आफ्रिकेतल्या गँबियात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांकडे तिथले मलेरियाचे डास जवळजवळ दुपटीने आकर्षित झालेले आढळले. श्वास जास्त आणि पोटाची कातडी अधिक उबदार, ही त्याची कारणं सांगितली गेली. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि २०२४ मध्ये पुण्यात सापडलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रियाही होत्या. झिकाचा धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला असतो, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

पोटावर ताणून बसणारे होजिअरीचे कपडे दिवसा टाळा. सैल सुती कुर्ता, सलवार, मोजे. डीट किंवा पिकारिडिन (ही डास पळवणारी रसायनं) असलेलं मलम डब्यावरच्या सूचनेप्रमाणे उघड्या कातडीवर लावायला गरोदरपणात हरकत मानली जात नाही. तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. झिका शरीरसंबंधातूनही पसरू शकतो, त्यामुळे मोजे आणि पूर्ण बाह्या नवऱ्यालाही लागू.

काहींचं रक्त गोड असतं म्हणून डास त्यांनाच चावतात का?

रक्ताची चव नंतरची, आधी कातडीचा वास. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ६४ जणांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले, त्यात वास मुरू दिला आणि दोन-दोन मोजे एडिस डासांपुढे ठेवले. ज्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त, त्यांच्या मोज्यांवर डास तुटून पडत, आणि वर्षं उलटली तरी तीच माणसं डासांची लाडकी राहत. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे वास कापडात राहतो. कालचे मोजे आज पुन्हा घालणं म्हणजे डासाला आमंत्रण. व्यायामाचा घामट टी-शर्ट अंगावर वाळवू नका.

दारामागे कपडे टांगू नका असं सर्वेक्षणाला येणारे का सांगतात?

कारण एडिस घरातच मुक्काम ठोकतो. भिंतीवर उंच नव्हे, तर पलंगाखाली, पडद्यामागे, आणि खुंटीवर टांगलेल्या गडद कपड्यांच्या घड्यांत. सावली, गारवा आणि वर माणसाचा वास, त्याला आणखी काय हवं? सोसायटीच्या पाहणीत मी एका घरी दारामागचा काळा रेनकोट झटकला, तर त्यातून पाच-सहा डास उठले. घरातल्या आजोबांना तोपर्यंत वाटत होतं की डास ड्रेनेजमधूनच येतात.

धुतलेले कपडे कपाटात, वापरायचे ते मोजकेच आणि फिक्या रंगाचे बाहेर, आणि अंगात घालण्याआधी एकदा झटका.

कपड्यांवर ठिपके द्यायचे रोल-ऑन, मुलांच्या शर्टावरचे स्टिकर, मनगटी पट्ट्या: उपयोग होतो का?

थोडा, थोडा वेळ, थोड्या जागेपुरता. यांत बहुतेक सिट्रोनेला, निलगिरी अशी उडून जाणारी तेलं असतात. मनगटी पट्ट्या तर चाचण्यांत जवळजवळ निकामी ठरल्या आहेत. कॉलरवर ठिपका दिला तर घोट्यावरच्या डासाला त्याचं काय? द्यायचेच असतील तर ठिपके पायजम्याच्या काठावर आणि मोज्यांवर द्या, आणि दोन-एक तासांनी पुन्हा द्या. यांच्या भरवशावर हाफ पँट घालून पाठवू नका, एवढंच माझं म्हणणं.

मलम कपड्याखाली लावावं की वरून?

उघड्या कातडीवर. कपड्याखाली लावायचं नाही. सनस्क्रीनही लावत असाल तर आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मग मलम. डीट असलेलं औषध सुती, लोकरी आणि नायलॉनच्या कापडाला काही करत नाही, पण रेयॉन, स्पँडेक्स आणि प्लास्टिक खराब करतं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाची काच यांवर लागू देऊ नका. पिकारिडिन याबाबतीत गरीब.

औषध लावलेले कपडे मिळतात म्हणे?

परमेथ्रिन लावलेले कपडे बाहेरच्या देशांत गिर्यारोहक आणि सैनिक घालतात. शेवंतीच्या कुळातल्या फुलांमधून मिळणाऱ्या कीटकनाशकाचा हा कारखान्यात बनवलेला भाऊ. कपड्यावर बसलेला डास त्याच्या स्पर्शाने लुळा पडतो, म्हणून होजिअरीचा कपडाही कामाचा ठरतो. घरी फवारलेलं औषध साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं, कारखान्यात लावलेलं बरंच जास्त. कातडीवर ते लावायचं नसतं, आणि घरात मांजर असेल तर ओला कपडा तिच्या आसपासही नको. मांजरांना ते विषारी आहे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना ते सहज मिळेल. आपल्याकडच्या कपड्यांच्या दुकानात ते सहसा दिसत नाही.

यातून काही जणांना 'घरच्या घरी' करायची कल्पना सुचते, म्हणून स्पष्ट लिहिते. शेतात फवारायचं कुठलंही औषध कपड्यांना लावू नका. पातळ करूनही नाही, एक झाकणभरही नाही. शेतीच्या औषधांतली द्रावणं आणि प्रमाण वेगळं असतं, आणि कातडीतून विष शरीरात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवा.

डेंगीच्या रुग्णाचे कपडे वेगळे धुवावेत का?

नाही. ही शंका सव्वाशे वर्षांपूर्वी फार धाडसाने निकालात काढली गेली. पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, कपड्यांतून पसरतो अशी तेव्हा पक्की समजूत होती. १९०० च्या अखेरीस क्युबात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या तुकडीतले एक डॉक्टर आणि दोन सैनिक एका बंद खोलीत वीस रात्री झोपले: पीतज्वराच्या रुग्णांच्या उलटी-रक्ताने माखलेल्या चादरींत, त्यांच्याच कपड्यांत. दुर्गंधीने जीव नकोसा झाला, पण पीतज्वर एकालाही झाला नाही. रोग पसरवणारा डास होता, आणि तो हाच आपला एडिस इजिप्ती.

रुग्णाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवा. त्याऐवजी तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा आणि अंगभर सैल कपडे घाला. त्याला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्याला चावला तर आजार पसरतो.

विदर्भात चांदीपुराची भीती घालतात. तिथेही हेच कपडे?

चांदीपुरा हा मेंदूला सूज आणणारा विषाणूचा ताप, आणि तो पसरवते ती वाळूमाशी, डास नव्हे. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या चांदीपुरा इथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना हा विषाणू सापडला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. वाळूमाशी डासापेक्षा खूप लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी, जमिनीलगत उड्या मारत फिरणारी. मच्छरदाणीच्या नेहमीच्या छिद्रांतून ती आत येऊ शकते, म्हणून तिथे औषधभारित किंवा जास्त बारीक जाळी लागते. पण तिच्या तोंडाचा भाग आखूड असल्याने साधा सुती पायजमा तिला पुरून उरतो. मुलांना जमिनीवर उघडं झोपवू नका.

रात्री शेतात पाणी द्यायला, किंवा जंगलात जावं लागतं.

गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण मच्छरदाणी घरी टांगलेली आणि माणूस मचाणावर. पूर्ण बाह्यांचा गच्च विणीचा शर्ट, सैल पँट मोज्यांत खोवलेली, मान आणि कान झाकेल असा पंचा किंवा दुपट्टा, आणि हाता-चेहऱ्याला मलम. मुक्काम असेल तर सरकारकडून मिळालेली औषधभारित मच्छरदाणी सोबत न्या. मासे पकडायला नव्हे.

एवढं करून डेंगी होणार नाही?

होऊ शकतो. कपडे चाव्यांची संख्या कमी करतात, डासांची नाही. एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. कोरडा दिवस म्हणतात तो हाच.

कोजागरीला गच्चीवर बसायचंय. काय घालू?

दरवर्षी कोणीतरी विचारतंच, कारण तेव्हा गच्चीवर हवा छान आणि डासही भरपूर. रात्र असल्याने तिथे बहुतेक क्युलेक्स भेटतो, फुलटाइम गुणगुणणारा. पांढरा सैल सुती सलवार-कुर्ता किंवा पायजमा-शर्ट, मोजे, आणि खाली सतरंजीवर आणखी एक चादर. खुर्च्यांवर बसणार असाल तर एक टेबल-फॅन गच्चीवर आणा आणि पायांच्या उंचीला लावा. डास उडायला कमकुवत, त्याला वाऱ्यात नीट टेकता येत नाही. आमच्याकडे गेल्या वेळी फॅन दुधाच्या पातेल्याकडे तोंड करून लावला होता. दूध लगेच गार झालं, आणि पहिल्या गाण्यालाच सगळ्यांचे घोटे खाजायला लागले.